डावीकडची जागा

मी, व्हर्नेल ओडेसा टिल्मन, वय वर्षे एकोणसत्तर, अविवाहित, शिवणकामातून निवृत्त, राहणार डेट्रॉइट, राज्य मिशिगन, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली नव्हे तर स्वतःच्या मर्जीने हे लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्यांनी मला आठवड्याचे वार उलटे म्हणायला लावले. मी म्हटले, आणि मग त्यांना म्हणायला लावले. ते मंगळवारपाशी अडले. बिघाड हृदयात आहे. नाताळ दिसेल असं ते म्हणतात, पण म्हणताना माझ्याकडे बघत नाहीत.

याआधी १९७४ साली मी एक मृत्युपत्र केलं होतं. ते रागाच्या भरात केलं होतं आणि त्यात सगळं काही चर्चच्या ऑर्गनसाठी ठेवलं होतं. ते रद्द समजावं. आमच्याच चर्चमधले वकील श्री. ओडम यांचं म्हणणं, "सिस्टर टिल्मन, कोणाला काय द्यायचं एवढंच लिहा, का ते नको." पण का ते लिहिलं नाही तर लोक आपल्या मनाने लिहितात, हे मी पुष्कळ दफनांनंतरच्या जेवणांत ऐकलेलं आहे.

कलम पहिले. मला कुठे पुरावं. वस्तूंची वाटणी पुढे येईल, पण हे मृत्युपत्र मी करते आहे ते या कलमासाठी. माउंट हेब्रन दफनभूमीत दक्षिणेच्या कुंपणालगत एका ओळीत तीन जागा आहेत. ओरेथा पेटवे, मॉझेल गेन्स आणि मी, आम्ही तिघी 'डेल्फिनेट्स' या नावाने गात असू. १९६३ साली आमची पहिली मोठी रेकॉर्ड खपली तेव्हा त्या जागा आम्ही एकत्र विकत घेतल्या. त्या वयात लोक गाडी घेतात. पण आमच्या आया अंत्यविधीसाठी वर्गणी गोळा करणाऱ्या चर्चच्या दफन मंडळाच्या सभासद होत्या, आणि स्वतःच्या नावावरची सहा फूट जमीन हीच त्यांच्या लेखी खरी कमाई होती. रंगमंचावर उभं राहायचो तशाच कागदावर जागा लिहिल्या आहेत: मधे ओरेथा, उजवीकडे मॉझेल, डावीकडे मी. मॉझेल २००६ पासून तिथे आहे. ओरेथा हयात आहे. तिच्या डावीकडे मला जाऊ द्यायचं की नाही, हे तिने ठरवावं, आणि ठरवण्याआधी १९६७ साली मी काय केलं ते तिला कळावं. एवढ्यासाठी हा खटाटोप आहे.

कलम दुसरे. राहतं घर, त्यातल्या सामानासकट, माझ्या भावाची मुलगी डॅरिस हिला द्यावं. मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. डॅरिस, मागच्या दाराची तिसरी पायरी डुगडुगते. शेजारचे हर्शल वॉट्स दर वसंतात ती दुरुस्त करतो म्हणतात. त्यांना म्हणू दे, तू सुतार बोलाव. लोखंडी तवा साबणाने घासायचा नाही. तुला हे पाठ आहे हे मला माहीत आहे, तरीही तू घासतेस हेही माहीत आहे.

कलम तिसरे. शिवणयंत्र न्यू केनान बॅप्टिस्ट चर्चच्या गायकवृंदाला. गेली तीस वर्षं त्यांचे झगे मीच शिवले. सिस्टर हॅटी रोलँड यांनी यंत्राला हात लावू नये. त्या दोरा ओढून तोडतात.

कलम चौथे. कपाटात शेवाळी रंगाचे, टिकल्यांचे तीन गाऊन आहेत. माझा डॅरिसला द्यावा, मॉझेलचा तिची मुलगी रेनिता हिला. ओरेथाचा माझ्याकडे का आहे ते पुढे येईल. हे गाऊन माझ्या आईने, मिस लुएलाने शिवले. तिने तिघींसाठी एकच कागद कापला होता, मॉझेलच्या मापाचा, कारण मॉझेल सगळ्या बाबतीत मधली होती. माझ्या खांद्यांसाठी आई शिवण उसवायची आणि ओरेथासाठी आत घ्यायची. ओरेथाला गाऊन अंगाला चिकटलेला लागे. आई म्हणायची, "पोरी, श्वास कुठून घेशील?" ओरेथा म्हणायची, "मिस लुएला, श्वास लोकांनी रोखायचा." आईला ती आवडायची. हे मला तेव्हाही खटकायचं आणि आजही खटकतं.

कलम पाचवे. दिवाणखान्यातला मोठा फोटो. तो कोणी मागितला तर द्यावा, मागेल त्याला. त्यात ओरेथा पुढे गाते आहे आणि मी तिच्या मागे, माझा हात तिच्या पाठीवर. आजही कोणी ना कोणी म्हणतं की तुम्ही सख्ख्या बहिणींपेक्षा जास्त होतात, ते नुसतं बघून कळतं. जे बघून कळतं ते असं घडलं.

१९६३ च्या मार्चमध्ये बाल्टिमोरच्या एका थिएटरात दिवसाला पाच खेळ होते. दुपारी दोनचा खेळ, गाणं 'माझ्या पायरीवर बस'. मॉझेल आणि मी एका मायक्रोफोनपाशी, ओरेथा पुढे दुसऱ्यापाशी. दुसऱ्या कडव्यात ओरेथाच्या गाऊनची चेन मानेपासून कमरेपर्यंत उघडली. तिला पत्ता नव्हता. पुढच्या क्षणी ती वळणार होती, आणि समोर हजारभर लोक. मी चार पावलं पुढे गेले, दोन्ही कडा एकत्र धरल्या, त्यांवर तळहात दाबला आणि उरलेलं गाणं तिच्या खांद्यामागून म्हटलं. तिने हसतहसत टाचेने माझा पाय चेचला. माझं नख महिनाभर काळं होतं.

पडदा पडल्यावर ती वळली. "पुढे यायची एवढी हौस होती तर सांगायचंस. खुर्ची टाकून दिली असती."

"पाठ बघ," मी म्हटलं.

"माझी पाठ मला कशी दिसणार?"

मॉझेलने बघितलं. "कमरेपर्यंत उघडी आहेस गं. अस्तराचे टाकेसुद्धा मोजता येतील."

ओरेथाने हात मागे नेऊन चाचपलं. आभार मानले नाहीत. "साधी चेन लावता येत नाही का इथे कोणाला?" म्हणाली. चेन मीच लावली होती.

तेवढ्यात आमचे व्यवस्थापक श्री. बॉयकिन धावत आले. "मुलींनो, ते काय केलंत? बायका रडत होत्या. आता रोज करायचं." ते रोज झालं. चार वर्षं, प्रत्येक खेळात, दुसऱ्या कडव्याला मी चार पावलं पुढे जाऊन ओरेथाच्या पाठीवर हात ठेवत होते. श्री. बॉयकिन आता हयात नाहीत. त्यांच्यासाठी या मृत्युपत्रात काही नाही, आणि ते हयात असते तरी काही नसतं.

कलम सहावे. हे कलम कोणाला काही देत नाही. पुढचं समजण्यासाठी लिहिते.

ओरेथाचा आवाज आमच्या अख्ख्या चर्चमध्ये कोणाचा नव्हता असा होता. हे मी तिच्या तोंडावर कधीच म्हटलं नाही. पण तिला ठोके मोजता येत नसत. वाद्यांचा तुकडा संपून गाणं पुन्हा कधी उचलायचं, ते चुकायचं. चर्चमध्ये पियानोवर बसलेल्या पाद्रीबाई मान हलवून तिला खूण करायच्या. थिएटरात पाद्रीबाई नव्हत्या. पोरी इतक्या किंचाळायच्या की बँड ऐकूच यायचा नाही. हात पाठीवर होताच, म्हणून एके दिवशी सॅक्सोफोनचा तुकडा संपताना मी शेवटच्या ठोक्याला अंगठा दाबला. तिने श्वास घेतला आणि बरोब्बर उचललं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा दाबला. आम्ही हे कधी बोलून ठरवलं नाही. पुढे तर ती सॅक्सोफोनकडे लक्षच देईनाशी झाली. प्रेक्षकांकडे बघून हसत राहायची आणि अंगठ्याची वाट बघायची.

तळहाताला पुष्कळ कळतं. तिला ताप असला की मला तिच्याआधी कळायचं. तिची आई गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी आम्ही पिट्सबर्गला गायलो. चेहऱ्यावर हसू होतं, आवाज स्वच्छ होता, आणि हाताखाली बरगड्या थरथरत होत्या. मी हात घट्ट दाबून धरला तेव्हा ती थरथर थांबली. त्या वेळी मला तिच्याबद्दल जे वाटलं त्याला मी प्रेम म्हणते. रंगपटात गेल्यावर ती म्हणाली की माझी लिपस्टिक दातांना लागली आहे.

१९६५ साली एका मासिकाच्या बाईने तिला आमच्याबद्दल विचारलं. ओरेथा म्हणाली, "त्या माझ्या मैत्रिणी आहेत, हौसेने येतात." छापून आलेलं मी वाचलं आणि तिच्याशी बोलणं सोडलं. तिनेही सोडलं. गाडीत मॉझेल मधे बसायची.

"मॉझेल, तिला सांग खिडकी लाव," मी म्हणायचे.

"ती म्हणते खिडकी लाव."

"तिला म्हणावं मला उकडतंय."

"हिला उकडतंय."

"म्हणावं, हौसेने येणाऱ्यांना गारठतं."

"मी टपालखातं नाही," असं म्हणून मॉझेलने स्वतःचा कोट माझ्या मांडीवर टाकला आणि डोळे मिटले. ओहायो अख्खा असाच गेला. त्या संध्याकाळी आम्ही गायलो तेव्हा पुढच्या रांगेतली एक मुलगी आम्हां तिघींकडे बघून आपल्या मैत्रिणीच्या गळ्यात पडली.

कलम सातवे. मी जे केलं ते. १९६७ चा एप्रिल, क्लीव्हलँड, दुपारी चारचा खेळ. त्या खेळाला न्यूयॉर्कच्या एका मोठ्या क्लबचे लोक येणार होते. त्या दुपारी थिएटरच्या कचेरीबाहेर मला नवी जाहिरात दिसली: 'ओरेथा पेटवे, सोबत डेल्फिनेट्स'. ओरेथाला महिनाभर माहीत होतं, आम्हांला नाही. मी रंगपटात आले तर ती पांढऱ्या गाऊनमध्ये, बाहेरून शिवून घेतलेल्या. आईने शिवलेला शेवाळी खुर्चीवर पडला होता. आईला त्या वर्षी दिसायचं कमी झालं होतं. त्या गाऊनच्या टिकल्या तिने बोटांनी चाचपत, एकेक करून नव्याने लावल्या होत्या. मी तो घडी घालून माझ्या पिशवीत ठेवला. म्हणून तो माझ्याकडे आहे.

पांढऱ्या गाऊनला पाठीवर चेन नव्हती. हात ठेवायचं कारण उरलं नव्हतं. पडद्यामागे उभ्या असताना ओरेथा माझ्याशी बोलली, दोन वर्षांत पहिल्यांदा, मॉझेलला मधे न घालता.

"हात ठेवशील ना?"

"ठेवीन," मी म्हटलं.

मी ठेवला. आणि सॅक्सोफोन चालू असताना अंगठा चार ठोके आधी दाबला. मुद्दाम दाबला. चूक नव्हती, घाई नव्हती, राग अनावर झाला असंही नाही. मी मोजून दाबला.

ती उचलून मोकळी झाली. सॅक्सोफोनवाला अजून वाजवत होता. तिला काहीतरी चुकलं हे कळलं, काय ते कळेना. ती थांबली, पुन्हा उचललं, तर पहिल्याच कडव्याचे शब्द आले. पोरी किंचाळायच्या थांबल्या. हाताखाली तिची पाठ ताठ झाली आणि ती दुसऱ्या अंगठ्याची वाट बघत राहिली. तो मी दिला नाही. क्लबचे लोक गाणं संपायच्या आत उठले. दुसऱ्या दिवशी ती जाहिरात उतरवली गेली, आणि जूनमध्ये आम्हीही संपलो.

मॉझेलने पाहिलं होतं. जिन्यात ती मला म्हणाली, "मी तुझा अंगठा बघत होते." एवढंच. मग एकोणचाळीस वर्षं तिने तो विषय काढला नाही. हॉस्पिटलात, अगदी शेवटी, म्हणाली, "सांगून टाक गं तिला. आता तुमच्या मधे बसायला कोणी नाही." मी हो म्हटलं आणि सांगितलं नाही. मॉझेलच्या दफनाला ओरेथा माझ्या शेजारी उभी होती. मी तिला म्हटलं की थंडी आहे. ती म्हणाली, आहे.

कलम आठवे. ओरेथा पेटवे हिला मी काहीही ठेवत नाही. शेवाळी गाऊन तिचाच आहे. तो मी आज, हयातीतच, परत करते आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळालं तर पुढे कटकटी होतात असं श्री. ओडम म्हणतात, आणि ओरेथाने साक्षीदार व्हावं अशी माझी इच्छा आहे. सही करण्याआधी श्री. ओडम यांनी तिच्यासमोर हे सर्व मोठ्याने वाचावं. मला स्वतःला सांगता आलं नाही, म्हणून वाचून घेते आहे. डॅरिसने तिला फोन केला तेव्हा ओरेथाने आधी विचारलं, "काय, गेली का?" नाही म्हटल्यावर म्हणाली, "मग येते."

कलम नववे. वरचं सारं वाचून झाल्यावर, सहीच्या आधी, माझ्या हाताने लिहिलेलं. अक्षर वाकडं आहे, पण माझं आहे.

ओरेथा सकाळी अकराला आली, चर्चची टोपी घालून, काठी टेकत. "सही कुठे ते दाखवा, टॅक्सी थांबली आहे," म्हणाली.

"आधी वाचून दाखवायचं आहे, सिस्टर पेटवे," श्री. ओडम म्हणाले.

"साक्षीदाराला वाचून दाखवत नाहीत. माझ्या नवऱ्याच्या वेळी नाही दाखवलं."

"सिस्टर टिल्मन यांची तशी इच्छा आहे."

ती बसली. हर्शल वॉट्स दुसरे साक्षीदार, ते आधीच बसलेले होते. वाचनात चेनची गोष्ट आली तेव्हा ती किंचित हसली. पिट्सबर्गचं आलं तेव्हा खिडकीबाहेर बघू लागली. सातवं कलम संपलं तसा तिने हात वर केला.

"तेवढं परत वाचा."

त्यांनी परत वाचलं.

"चार ठोके," ती माझ्याकडे बघून म्हणाली.

"हो."

"मोजून."

"हो."

हर्शल उठायला लागले, त्यांना तिने काठीनेच खाली बसवलं.

"मला वाटलं माझा कान गेला," ती म्हणाली. "दोन डॉक्टरांना दाखवला. दोघं म्हणाले, कान उत्तम आहेत. मी म्हटलं, यांना काय कळतंय. अंगठा चुकणार नाही, मग मीच चुकले असणार. एवढा सरळ हिशोब होता." तिने टोपी काढून मांडीवर ठेवली. "चव्वेचाळीस वर्षं चर्चमध्ये मी नुसते ओठ हलवले, व्हर्नेल. लोक म्हणायचे, मोठी गायिका, आवाज जपते. मुलीच्या लग्नात मुलगी म्हणाली, आई, एक कडवं तरी. मी घसा बसल्याचं सांगितलं. घरात भांडी घासतानासुद्धा मी कधी गुणगुणले नाही. भीती वाटायची, पुन्हा चुकेल म्हणून."

मी इतकी वर्षं समजत होते की मी तिची एक जाहिरात हिरावून घेतली. तिच्याशी बोलत नव्हते त्या वर्षांतही तिने माझ्या हातावर स्वतःच्या कानांपेक्षा जास्त भरवसा ठेवला होता, हे मला आज कळलं. माहीत नव्हतं ही सबब मी इथे लिहीत नाही. मला लाज वाटते. तसं मी तिला म्हटलं. ती म्हणाली, "वाटू दे."

श्री. ओडम यांनी घसा साफ करून दफनाच्या जागेचं विचारलं, कारण ते कलम अपुरं आहे.

"आत्ता नाही सांगणार," ओरेथा म्हणाली. "ती गेल्यावर सांगेन."

"मग मला कळणार नाही," मी म्हटलं.

"नाही कळणार."

म्हणून पहिलं कलम असं पुरं करते. मी गेल्यावर डॅरिसने ओरेथा पेटवे यांना फोन करावा आणि उत्तराची वाट बघावी. घाई करू नये, आठवण करून देऊ नये, माझ्या बाजूने रदबदली करू नये. त्यांना जितके दिवस लागतील तितके लागू द्यावेत. तोवर मला दफनगृहाच्या शीतकपाटात ठेवावं. त्या हो म्हणाल्या तर डावीकडे. नाही म्हणाल्या तर जिथे जागा मिळेल तिथे, आणि दगडावर फक्त नाव.

हे मी वाचलं, ऐकलं आणि मान्य करून सही केली.

व्हर्नेल ओडेसा टिल्मन

साक्षीदार पहिले: हर्शल वॉट्स, शेजारी. माझ्यासमोर सही झाली. पायरी या आठवड्यात करतो.

साक्षीदार दुसरी: ओरेथा पेटवे. सही करणारी बाई पूर्ण शुद्धीत आहे, हे मी समोर बसून पाहिलं. क्लीव्हलँडलाही होती.

स्थळ: डेट्रॉइट, मिशिगन
गुरुवार, १३ ऑक्टोबर २०११